आखाजीचा कागद

सोनगीरला आमच्या गल्लीत गुजराती वाचता येणारी मी एकटी. यात माझी हुशारी काही नाही. नाना, म्हणजे माझे वडील, सुरतेला साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, कामाला होते आणि घराजवळ जी शाळा होती तीत मला टाकून मोकळे झाले. ती गुजराती निघाली. चौथीपर्यंत मी तिथे शिकले, मग नानांचे डोळे गेले, म्हणजे गेले नाहीत, पण तुटलेला धागा दिसेना, तेव्हा आम्ही बाडबिस्तरा उचलून गावी आलो. सुरतेला जाऊन आलेले पुरुष गल्लीत पैशाला पासरी. पण त्यांचं गुजराती तोंडापुरतं. बसची पाटी वाचली की संपलं. म्हणून सुरतेहून छापील काही आलं की कागद माझ्याकडे यायचा. औषधाच्या बाटलीवरचं लेबल, लग्नाची पत्रिका, शाळेचा दाखला. मी ते वाचून आमच्या अहिराणीत सांगायची आणि मग दिवसभर नाक वर करून फिरायची.

मी नववीत होते तेव्हा समोरच्या घरातल्या अक्काचा नवरा सुरतेला कामावर असताना वारला. कापडाच्या मिलमध्ये माल चढवायची लिफ्ट होती, तिच्यातून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. अक्काचा दीर जाऊन त्यांचं मयत घेऊन आला. सगळं उरकल्यावर महिन्याभरानं पोलिसांच्या कागदांची झेरॉक्स आली, तीही दीरानंच आणली. तेव्हा आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली होती. आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्यानं भरलेली घागर मांडतात, तिच्यावर खरबूज, आंबा, सांजोरी ठेवतात. गेल्या माणसाची ती पहिली घागर. अक्कानं घागर भरून ठेवली आणि मला हाक मारली.

"वाच वं माय," ती म्हणाली, "कसा गयात त्या, ते त्यासना समोरच वाच."

त्या म्हणजे तिचा नवरा, आणि त्यांच्यासमोर म्हणजे त्या घागरीसमोर. घर बायकांनी भरलेलं होतं. माझी आई माझ्या शेजारी बसली होती. मी ऐटीत कागद हातात घेतला. पहिलं पान पंचनाम्याचं, त्यात मोजमापं आणि पंचांच्या सह्या. दुसरं पान एका कामगाराच्या जबाबाचं. अक्काच्या नवऱ्याबरोबर त्या वेळी तो एकटाच होता. ओडिशाचा माणूस, मिलमध्ये लागून महिना झालेला. तो मोडक्या हिंदीत बोलला असणार आणि जमादारानं ते गुजरातीत उतरवून घेतलं. त्यात लिहिलं होतं: मी त्याच्यापाशी बसून राहिलो. तो अर्धा तास शुद्धीत होता. त्याच्या बोलीत तो काहीतरी बोलत होता, पुन्हा पुन्हा तेच बोलत होता. मला त्याची बोली येत नाही, म्हणून तो काय म्हणाला ते मी सांगू शकत नाही.

मी मनात वाचलं आणि माझं तोंड उतरलं असावं, कारण आईनं माझा कोपर दाबला. जोरात. आईला गुजराती अक्षर येत नाही, पण माझं तोंड तिला वाचता येतं. मी चौदा वर्षांची होते. समोर घागर होती आणि अक्का माझ्या ओठांकडे बघत होती.

मी म्हणाले, "जागावरच गयात. डोया मिटेल व्हतात. काही बोलनात नही."

बायकांनी सुस्कारा टाकला. एक म्हणाली, बरं झालं माय, हाल झाले नाहीत. अक्कानं मान हलवली आणि आगारी टाकायला उठली, म्हणजे चुलीतल्या निखाऱ्यावर गेलेल्या माणसाच्या नावाचा घास. घरी आल्यावर मी आईला खरं काय लिहिलं होतं ते सांगितलं. आई पीठ चाळत होती. "जे सांगून माणूस परत येत नाही ते सांगू नाही," ती म्हणाली, आणि चाळणी आपटली. विषय संपला. मलाही वाटलं संपला.

दुसऱ्या आखाजीला अक्कानं पुन्हा बोलावलं. तोच कागद, आता प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला. मी वर्षभरात माझंच खोटं विसरले होते. म्हणाले, "जागावरच गयात, काही बोलनात नही." अक्का म्हणाली, "मांगे तू डोया मिटेल म्हने व्हती." तिनं शब्द न् शब्द पाठ केला होता. ती मला ताडून बघत नव्हती, तिला फक्त सगळं हवं होतं, मागच्या वेळी मिळालं तेवढं. मी चटकन त्यांचे डोळे मिटून दिले. घरी येऊन वहीच्या मागच्या पानावर ती तीन वाक्यं लिहून ठेवली. माझ्या हातून कागदावर उतरलेला पहिला अनुवाद तो, आणि तो खोटा होता.

असं चार आखाज्या चाललं. गल्लीत अक्काच्या नवऱ्याचा विषय निघाला की अक्का सांगायची, काही बोलले नाहीत, डोळे मिटलेले होते. धरणगावला दिलेल्या लेकीलाही तिनं तसंच सांगितलं. तिच्या तोंडून ते ऐकलं की मी उठून घरात जायची. राग यायचा मला. कुणावर ते कळायचं नाही, म्हणून मी आईवर काढायची.

आणि अक्काचा नवरा माझ्यामागे लागला. भूतबित नाही, तसलं मी मानत नाही. पण कुठं दोन माणसं मला न कळणाऱ्या भाषेत बोलताना ऐकली की माझं लक्ष तिथं अडकायचं. धुळ्याच्या स्टँडवर पावरा आदिवासी बायका आपसांत बोलत बसलेल्या असायच्या, मी एसटी सोडून त्यांच्याजवळ उभी राहायची. एखादीनं तोच शब्द दोनदा उच्चारला की मी तो घरी येईपर्यंत घोळवत राहायची. ते अर्धा तास काय बोलत होते? आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही ते सांगू शकलं असतं. आणि जिथं ते बोलले तिथं नेमका एकच माणूस होता, त्यालाच ती बोली येत नव्हती.

बारावीनंतर मी म्हणाले मला अनुवादाचं काम करायचंय. नानांना वाटलं मी डोक्यावर पडले. "म्हणजे करायचं काय?" मी सांगितलं, एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत आणायचं. "ते तू फुकट करतेसच की," नाना म्हणाले. तरी त्यांनी मला जळगावला घातलं, वसतिगृहात. पहिल्या वर्षाला मराठी, हिंदी, इंग्रजी असे तीन विषय होते आणि वर्ष संपताना त्यातला एक मेजर म्हणून पक्का करायचा होता. पुढची सगळी वर्षं त्याच्यावर.

सल्ला द्यायला गाव गोळा झालं. नाना म्हणाले इंग्रजी, साहेब लोक इंग्रजीत लिहितात. मामा म्हणाला हिंदी, बँकेत आणि सरकारी कचेरीत अनुवादकाच्या जागा निघतात, हिंदीवाल्याला बोलावतात. माझी खोलीवाली रावेरची, केळीवाल्या घरातली, तिची घरची बोली माझ्याहून वेगळी. ती माझी अहिराणी ऐकून पोट धरून हसायची. ती म्हणाली, "मराठी घे, पास तरी होशील." सुट्टीत अक्कानंही विचारलं कसलं मेजर. मी सांगायच्या आत म्हणाली, "मिल्ट्रीनं का?" मी म्हटलं, "नही अक्का, भाषानं." तिचा चेहरा खुलला. "मंग तुले काय अवघड शे. तू तं नववीपाईन वाची राहिनी."

इंग्रजीच्या मॅडम होत्या आमच्या, बोलायला फटकळ आणि डोळ्यांनी तीक्ष्ण. अनुवादाचं ज्यांच्या मनात आहे त्यांना त्या तासानंतर थांबवून घ्यायच्या. आम्ही चौघीच होतो. एकदा त्यांनी क्षयरोगाबद्दलचं एक इंग्रजी माहितीपत्रक दिलं, मराठी करून आणा म्हणाल्या. मी जीव ओतून केलं. मॅडमनी वाचलंसुद्धा नाही. आधी मूळ पानावरची वाक्यं पेन्सिलीनं मोजली, मग माझी मोजली.

"त्यात एकोणीस आहेत. तुझ्यात अठरा. एक कुठं ठेवून आलीस?"

मला माहीत होतं कुठलं. औषध अर्धवट सोडलं तर रोगी दगावू शकतो, असं एक वाक्य होतं. मी ते मुद्दाम गाळलेलं नव्हतं. खरं सांगते, गाळलंय हे मला कळलंच नव्हतं. हात आपोआप पुढच्या वाक्यावर गेला होता. मी म्हणाले, "मॅडम, ते वाचून माणूस घाबरेल."

"घाबरायचं की नाही ते त्यानं ठरवायचं. तू मधली. तुला कुणी विचारलं?"

मी भडकले. तोंडाला येईल ते बोलले. मॅडमना काय माहीत, समोर माणूस बसलेलं असतं, त्याचं तोंड दिसत असतं, वगैरे. मॅडमनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "आता ज्या रागानं बोललीस तो मराठीत आला ना?" मी म्हणाले, "नाही मॅडम, अहिराणीत आला, तुमच्यासाठी मराठी केला." त्या हसल्या. म्हणाल्या, अहिराणी इथं मेजरला नाही, मग त्यातल्या त्यात जवळची घे. इंग्रजी तू वाचायला शिकशीलच, मी आहे. लिहायची भाषा पक्की कर. आणि वाक्यं मोजत जा, तुला खोड आहे.

खोड आहे हा शब्द मला लागला. रावेरवालीला मी म्हटलं, मॅडम काहीही बोलतात. पण त्या संध्याकाळी मी माझे वर्षभराचे सगळे कागद काढून मोजत बसले. दर दोन पानांमागं एक वाक्य कमी होतं. आजाराचं, मरणाचं, कुणी कुणाला टाकून दिल्याचं. चांगलं वाक्य एकही सुटलेलं नव्हतं. मला माझ्याच हाताची भीती वाटली. नववीत आईनं कोपर दाबला होता, आता कुणी दाबायचीही गरज उरली नव्हती.

मेजरचा फॉर्म आखाजीनंतरच्या आठवड्यात भरायचा होता. मी ठरवलं, आधी तो कागद पुरा वाचायचा. नाहीतर कुठलाच विषय घ्यायचा नाही, धुळ्याला जाऊन डी.एड. करायचं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तुझं मन हलकं करायला तिचं जड करशील?" मी म्हटलं, "कागद तिचा आहे." आई म्हणाली, "तं जाय. मी येत नही."

आखाजीच्या सकाळी अक्काच्या घरात ती आणि मी दोघीच होतो. लेक दुपारच्या एसटीनं येणार होती. घागर मांडलेली, खरबुजावर कुंकू लावलेलं. अक्कानं पिशवीतून कागद काढला. घडीवर तो आता फाटायला आला होता. मी पंचनामा वाचला. मग जबाबाचं पान घेतलं आणि एकेक वाक्यावर बोट ठेवून वाचलं. तो त्यांच्यापाशी बसून राहिला. ते अर्धा तास शुद्धीवर होते. त्यांच्या बोलीत बोलत होते, पुन्हा पुन्हा तेच. याला बोली येत नव्हती.

अक्का म्हणाली, "हाई आज कथाईन उनं?"

"पहिल्यापासून लिहेल शे, अक्का. मी वाचं नही."

ती रडेल असं वाटलं होतं, शिव्या देईल असं वाटलं होतं, दोन्हीची तयारी करून गेले होते. तिनं फक्त विचारलं, "काय बोली राहिंतात त्या?"

"ते लिहेल नही."

"तेच तेच म्हंजे काय? नाव घी राहिंतात का कोनं?"

"अक्का, त्याले समजनं नही. त्याले समजनं नही इतलंच लिहेल शे."

तिनं घागरीकडे पाहिलं. "मी बठ्ठासले सांगत फिरनी," ती म्हणाली, "का काही बोलनात नही." हे ती मला म्हणत नव्हती. मग बराच वेळ तिचे ओठ हलत होते. ती एकेक शब्द लावून बघत होती, हे मला उशिरा कळलं. शेवटी ती म्हणाली, "पानीच मांगं व्हई त्यास्नी." आणि कोनाड्यातला पेन काढून माझ्यापुढे धरला. "लिख तठे. पानी मांगं आशी लिख."

मी म्हणाले, "अक्का, असं लिहिता येत नही."

"तू शिकेल शे ना? लिख."

पेन मी हातात घेतलाही. जबाबाच्या खाली दोन बोटं जागा कोरी होती. एक ओळ, तिला आयुष्यभर पुरली असती. आणि खोटी असेलच असंही नाही. पडलेला माणूस पाणी मागतो. पण मला ते माहीत नव्हतं, तिला नव्हतं, त्या ओडिशाच्या माणसालाही नव्हतं. माझा हात थरथरायला लागला. मी पेन खाली ठेवला.

अक्कानं माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "एक ओळ खाई गयी तवय तुना हात नही कापना. आते लिखाले कापस."

ती ओरडून बोलली नाही. कागद माझ्या मांडीवरून उचलून तिनं पिशवीत ठेवला आणि म्हणाली, जाय आते, आगारी टाकनी शे. मी उंबऱ्याबाहेर आले. समोर आमच्या दारात आई उभी होती.

आठवड्यानं जळगावला जाऊन मी मेजरच्या रकान्यात मराठी लिहिलं. नाना महिनाभर बोलले नाहीत माझ्याशी, मामा अजून टोमणे मारतो. मातृभाषेच्या यादीत अहिराणी नव्हती, मी ‘इतर’ हा पर्याय निवडला. वर्षभर मी मॅडमनी सांगितलं तसं केलं, दोन्हीकडची वाक्यं मोजली. मोजताना दर वेळी अक्काचा आवाज कानात. सुट्टीत गावी गेले की अक्का ओट्यावर दिसायची. मी समोरून गेले तर तांदूळ निवडत राहायची, मान वर करायची नाही. मलाही तिच्याशी बोलायला जायचं धाडस होत नव्हतं. आई एकदाच म्हणाली, "मी तुला सांगितलं होतं." तिचंही चूक नव्हतं.

यंदा आखाजीला मी जाणारच नव्हते. जर्नल पुरं करायचं आहे असं फोनवर कळवूनही झालं होतं. मग आदल्या दिवशी आईचा फोन आला. म्हणाली, अक्का दारात आली होती, विचारून गेली, पोर कधी येस?

मी गेले. घागर मांडलेली होती. अक्काची लेकही आली होती, भिंतीला टेकून बसली होती. अक्कानं कागद पुढे केला. घडीवर आता पारदर्शक पट्टी चिकटवलेली होती. मी खालची कोरी जागा आधी पाहिली. ती कोरीच होती. दुसऱ्या कुणाकडून तिनं काही लिहून घेतलं नव्हतं.

मी पंचनामा वाचला, जबाब सुरू केला. तो त्यांच्यापाशी बसून राहिला. ते अर्धा तास शुद्धीवर होते. त्यांच्या बोलीत बोलत होते, पुन्हा पुन्हा तेच. मला लवकर संपवायचं होतं, मी पुढच्या वाक्यावर गेले. अक्कानं कागदावर हात ठेवला.

"आठे तू चार साल पयी गयी," ती म्हणाली. "आते थांब."

जिथून चार वर्षं पळाले होते तिथं मी थांबले. अक्का डोळे मिटून बसली, लेकीनं डोक्यावर पदर घेतला. बाहेर गल्लीत पोरी झोक्यावर बसून आखाजीची गाणी म्हणत होत्या, आमच्याच बोलीत, त्यातला शब्द न् शब्द मला कळत होता.